पायाखालचा कापूस

आषाढी एकादशीला जळगावच्या पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. पंढरपूर गाठणं ज्यांना जमत नाही, त्यांची वारी त्या दिवशी इथंच होते. पुढे दोर ओढणारे, भोवती टाळकरी, आणि चाकांशी वाकलेली मोजकी माणसं, हातात लाकडी मोगरी घेतलेली. रथाला ना ब्रेक, ना स्टिअरिंग. थांबवायचा असो की वळवायचा, नेमक्या क्षणी चाकाखाली मोगरी सरकवायची, एवढाच उपाय. हे काम करणाऱ्याची नजर चाकावरून ढळता कामा नये. स्वतःच्या पायांकडे बघायला त्याला सवड नसते. पाय आपापले, न बघता, जागेवर पडावे लागतात.

अशाच एका मोगरीवाल्यानं एका वर्षी मोगरी धरायला नकार दिला, आणि घरच्यांनी त्याला गावातल्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात आणलं.

साठी ओलांडलेला माणूस, गळ्यात तुळशीची माळ. बोलत होता मुलगा. "मॅडम, आप्पांच्या डोक्यात काहीतरी बसलंय. रात्र रात्र झोपत नाहीत. शेजारी आपल्यावर करणी करतायत म्हणतात. रथाचा विषय काढला की रडायला लागतात." सोबत कागदांची पिशवी होती. सीबीसीच्या कागदावर हिमोग्लोबिन जरासं कमी, बाकी सगळे आकडे चौकटीत. कुणीतरी झोपेची गोळी दिलेली. त्याआधी एका भगताकडे लिंबू उतरवून झालेलं.

डॉक्टरबाईंनी मुलाला बाहेर बसायला सांगितलं. मग आप्पांना विचारलं, डोक्याचं राहू द्या, पायांचं सांगा.

"पायखाले कापूस शे असं वाटस, बाई."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मज्जासंस्थेच्या पाठ्यपुस्तकांत हे वाक्य जगभरच्या रुग्णांच्या तोंडी सापडतं: कापसावर चालल्यासारखं वाटतं. पण लंडनचा रुग्ण ती उपमा म्हणून देतो. आप्पांनी ऐन हंगामात गाडीत कापूस तुडवून भरलेला. तळव्याखाली कापूस दबतो म्हणजे नेमकं काय होतं, हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं. पुढचा प्रश्न ठरलेला होता. तोंड धुताना काय होतं? आप्पांना नवल वाटलं, ह्या बाईला कसं कळलं. डोळे मिटून चेहऱ्यावर पाणी मारलं की ते मोरीत पुढे झुकत. रात्री लाईट गेले की भिंत धरल्याशिवाय उठता येत नसे. माणूस उभा राहतो तो डोळ्यांच्या आणि पायांकडून मेंदूला जाणाऱ्या खबरीच्या आधारावर. ती खबर पोचेनाशी झाली की सगळा भार डोळ्यांवर येतो. डोळे मिटले की आधार संपला. बर्लिनच्या मोरिट्झ रोम्बर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ही खूण लिहून ठेवली, आणि आजही ती तपासायला एक पैसा लागत नाही.

टेबलाच्या खणात डॉक्टरबाईंचा नादकाटा असतो. शाळेच्या प्रयोगशाळेत ध्वनी शिकवायला असतो तसाच, सेकंदाला १२८ कंपनांचा. तो तळहातावर आपटून त्यांनी आप्पांच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. काही नाही. घोट्यावर काही नाही. गुडघ्याच्या हाडावर टेकवल्यावर आप्पा म्हणाले, "हां, आठे वाजस."

मग सुई, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक.

हा सूक्ष्मदर्शक दवाखान्यात आहे म्हणून नव्या पिढीतले डॉक्टर त्यांना हसतात. रक्त मोजणारं यंत्र मिनिटात वीस आकडे देतं, मग काचेवर थेंब ओढत कोण बसेल? पण यंत्र सरासरी सांगतं. लाल पेशीचं सरासरी आकारमान म्हणजे एमसीव्ही. ते ८० ते १०० फेम्टोलिटरच्या आत असलं की ठीक. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी पडलं की मोठ्या. आणि दोन्ही एकदम कमी पडलं तर? लहान आणि मोठ्या मिळून सरासरी चांगली येते. डॉक्टरबाई हे इंटर्नना जळगावच्या भाषेत समजावतात. मे महिन्यातली दुपार आणि जानेवारीतली पहाट यांची सरासरी काढली तर जळगावचं हवामान महाबळेश्वरसारखं निघेल. जळगावात राहणाऱ्याला विचारा!

थेंब काचेवर घ्यायचा, दुसऱ्या काचेच्या कडेनं एका दमात ओढायचा. जोर जास्त झाला तर थर जाड, कमी झाला तर तुटक. शेवटाला पिसाच्या टोकासारखी विरळ शेपटी उतरली पाहिजे, तिथंच पेशी एकेकट्या दिसतात. वाळल्यावर लिशमनचा रंग, पाणी, थांबणं. मग तेलाचा थेंब आणि शंभराचं भिंग. आप्पांच्या काचेवर यंत्रानं झाकलेलं सगळं उघड होतं. फिकट, बारीक पेशी आणि त्यांच्यामध्येच अंडाकृती, फुगलेल्या मोठ्या पेशी. पांढऱ्या पेशींमध्ये एक अशी, जिच्या केंद्रकाला सहा पाकळ्या. एरवी तीन असतात, फार तर चार. पाच पाकळ्यांच्या पेशी शेकड्यात पाचाहून जास्त दिसल्या, किंवा सहा पाकळ्यांची एक जरी दिसली, तरी बी-१२ किंवा फोलेट यांपैकी कशाची तरी चणचण आहे असं मानायचं.

आप्पांना माळ घालून पंचवीस वर्षं झाली होती. मांस-अंडी सुटलं. घरात दूध यायचं ते चहापुरतं. बी-१२ बनवतात ते सूक्ष्मजीव. आपल्या ताटात ते येतं मांस, मासे, अंडी, दूध, दही यांतून. भरताचं वांगं, केळी, कळण्याची भाकरी, कितीही सकस असली तरी या जीवनसत्त्वाच्या बाबतीत कोरडी. शरीराला ते लागतं अगदी थोडं, आणि यकृतात साठा राहतो तो काही वर्षं पुरतो. त्यामुळे खाणं बदललं त्या वर्षी काहीच होत नाही. हिशेब निघतो फार उशिरा, आणि तोवर कारण कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं. आप्पांच्या पिशवीत आणखी दोन गोष्टी होत्या: मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची रोजची गोळी. दीर्घकाळ घेतल्यावर दोन्ही बी-१२ चं शोषण कमी करतात. पायाच्या मुंग्या मात्र सगळ्यांनी साखरेच्या खात्यावर टाकल्या होत्या.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. त्यात खेड्यातले होते, झोपडपट्टीतले होते आणि शहरातले मध्यमवर्गीयही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांचं बी-१२ कमी निघालं. सगळ्यात जास्त कमतरता होती ती शहरी मध्यमवर्गात, ८१ टक्के. खाऊन-पिऊन सुखी म्हणावं असे हे लोक.

डॉक्टरबाईंच्या कपाटात एक जुना केसपेपर आहे. तो त्या कुणाला दाखवत नाहीत, पण फेकतही नाहीत.

प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं. चाळिशीची एक बाई, कापसासारखी पांढरी पडलेली. काचेवर मोठ्या पेशी. हिमोग्लोबिन सहाच्या आसपास. डॉक्टरबाईंनी लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या. दीड महिन्यात हिमोग्लोबिन अकरावर गेलं, ओठांवर रंग आला, बाईनं घरच्या लिंबाचं लोणचं आणून दिलं. जाता जाता ती म्हणाली होती, पाय अजून बधिर वाटतात. रक्त भरलं की तेही जाईल, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. चार महिन्यांनी ती आली ती दोघांच्या खांद्यावर हात टाकून. रक्ताचा कागद सुंदर होता. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूमधल्या तंतूंचं आवरण झिजत चाललं होतं. पुढे बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली, ती चालू लागली, पण काठी काही सुटली नाही.

या चुकीचा इतिहास मुंबईतून जातो, आणि तोही कापसाच्याच वाटेनं. खान्देशचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत जायचा त्या काळात गिरणी कामगार बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडून दगावत. त्याचा छडा लावायला लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये प्रयोग, रुग्णालयांत रुग्ण. महागडं यकृताचं सत्त्व देण्याऐवजी तिनं मार्माइट देऊन पाहिलं. बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टपासून केलेला तो खारट, काळसर लेप गोरे लोक पावाला लावतात. बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली तिनं हे प्रसिद्ध केलं. मार्माइटमधल्या त्या अनोळखी द्रव्याला बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणत. नंतर त्याची ओळख पटली: फोलेट. आज प्रत्येक गरोदर बाईच्या हाती सरकारी दवाखान्यातून पडणाऱ्या गोळीची मूळकथा अशी परळ-लालबागच्या बायकांच्या रक्तात आहे.

चाळीसच्या दशकात फॉलिक ॲसिड बाजारात आलं तेव्हा पाश्चात्त्य डॉक्टरांनी ते बी-१२ च्या अभावानं होणाऱ्या पंडुरोगातही दिलं. रक्त झपाट्यानं सुधारलं. आणि त्यातल्या कित्येकांचे पाय गेले, काहींचं मन भरकटलं. रक्तपेशी बनवण्याच्या कामात फोलेट बी-१२ ची उणीव झाकू शकतं. मज्जातंतूंचं आवरण राखण्याच्या कामात नाही. डॉक्टरबाईंनी हे कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. लोणच्याची बरणी हातात असताना ते आठवलं नाही.

त्यानंतर त्यांनी उलट्या बाजूनं बघायला सुरुवात केली. रक्ताचा कागद शेवटी. आधी झोप, स्वभाव, पाय, जीभ, खाण्याच्या वेड्या सवयी. १९८८ साली लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कहून एक यादी प्रसिद्ध केली होती: बी-१२ कमी असल्यामुळे मेंदू किंवा मज्जासंस्था बिघडलेले १४१ रुग्ण. त्यातल्या ४० जणांना ना रक्तक्षय होता, ना मोठ्या पेशी. म्हणजे शंभरातल्या अठ्ठावीस जणांच्या बाबतीत रक्तानं अजून तोंडच उघडलेलं नव्हतं. त्याआधी १९६० साली एका ब्रिटिश डॉक्टरनं या आजारातल्या भ्रमाला आणि संशयाला चक्क 'मेगॅलोब्लास्टिक मॅडनेस' असं नाव दिलं होतं. मोठ्या पेशींचं वेड! आप्पांची करणी त्याच जातीची निघाली.

सवयींच्या बाबतीत बायका सरळ उत्तर देत नाहीत. "काही खावंसं वाटतं का?" असं विचारून उपयोग नसतो. डॉक्टरबाई सहज विचारतात, पेन्सिल कुठल्या दुकानातून आणता? समोरची आधी लाजते, मग हसते. पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती, भिंतीचा पोपडा, कच्चे तांदूळ. घरात लपवून ठेवलेला पुडा असतो, सासूला माहीत नसतो. शरीरातलं लोह घटलं की ही ओढ लागते आणि लोह भरलं की बहुधा आपोआप सुटते, शपथा न घालता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यातल्या किती जणींच्या पदराच्या गाठीला पेन्सिलीचा तुकडा असेल, हे कुठल्या पाहणीत येत नाही.

लोहाच्या कमतरतेचं आणखी एक, रात्रीचं रूप असतं. अंथरुणावर पडलं की पाय शिवशिवतात, हलवावेसे वाटतात, उठून चाललं की बरं. स्वीडनच्या कार्ल-ॲक्सेल एकबॉम यांनी १९४५ साली याचं नीट वर्णन केलं. मेंदूत डोपामिन तयार होताना लोह लागतं, आणि ते तिथं कमी पडल्याचा या शिवशिवीशी संबंध आहे. पिंप्राळ्यातल्या घरांत याला नाव नसतं. आई रोज रात्री नातवाकडून पाय तुडवून घेते, एवढंच. झोप मोडते, दिवस चिडका जातो, आणि सून म्हणते, आत्याबाईंचा स्वभावच तसा.

सगळ्यात मूक रुग्ण मात्र वर्षाच्या आतले असतात. हसू लागलेलं, मान धरलेलं बाळ हळूहळू गप्प होतं. आईकडे बघत नाही, बसायचं विसरतं, केस भुरे होतात, बोटांच्या पेरांची कातडी काळवंडते, पुढे हात थरथरू लागतात. नजर लागली, असं ठरतं. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९६२ साली अशा बाळांविषयी लिहिलं: निव्वळ अंगावर पिणारी, आणि आईच्याच अंगात बी-१२ नाही. बी-१२ दिलं की दोन-तीन दिवसांत नजर फिरू लागते. डॉक्टरबाई म्हणतात, पहिल्यांदा पुन्हा आईकडे बघून हसलेलं बाळ पाहिलं तेव्हा आपल्याच पाठीवर काटा आला. अशा वेळी त्या आईची काचपट्टीही काढतात.

सातपुड्याच्या बाजूनं, चोपडा-यावलकडून, पावरा आणि भिल्ल कुटुंबं जळगावला येतात तेव्हा काचेवर वेगळंच दिसतं: विळ्यासारख्या वाकड्या पेशी. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी त्या १९१० साली प्रथम वर्णन केल्या. सिकलसेल म्हटलं की सांध्यांच्या कळा सगळ्यांना आठवतात. पण आश्रमशाळेतून 'आळशी, लक्ष देत नाही' असा शेरा घेऊन आलेला मुलगाही सिकलसेलचा असू शकतो. या आजारात मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होत जातात. कधी एकाएकी अर्धं अंग जातं. कधी मेंदूत बारीक बारीक जागा गुपचूप मरतात, हातपाय धड, पण अक्षर बिघडतं, गणित अडतं. मेंदूकडच्या वाहिनीतला रक्ताचा वेग डोक्याला सोनोग्राफीचा प्रोब लावून मोजता येतो. तो सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या पुढे गेला तर धोका मोठा. अशा मुलांना नियमित रक्त दिलं तर अर्धांगवायूचा धोका ९२ टक्क्यांनी घटतो, हे १९९८ साली अमेरिकेतल्या चाचणीनं दाखवलं. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेनं तपासणी गावपाड्यांपर्यंत नेली. तपासणीचा कागद शाळेच्या शेऱ्याशेजारी ठेवून वाचणारं कुणीतरी लागतं.

आणि कधी रक्त कमी नसतं, जास्त असतं. लालबुंद चेहऱ्याचा एक दुकानदार वर्षभर डोकेदुखी, कानात आवाज, दुकानात बसून चुकणारे हिशेब यांसाठी फिरत होता. गरम पाण्यानं अंघोळ केली की अंगभर अशी खाज सुटे की त्यानं अंघोळच टाळायला सुरुवात केली. मनाचे खेळ, असं त्याला दोनदा सांगून झालं होतं. अंघोळीनंतरची खाज ऐकून डॉक्टरबाईंनी हिमोग्लोबिन मागवलं. ते वीसच्या जवळ होतं. पॉलिसायथेमिया व्हेरा: अस्थिमज्जा बेसुमार पेशी तयार करते, रक्त दाट होऊन संथ वाहतं. उपाय जुन्या वैद्यांना पटेल असा, ठरावीक अंतरानं रक्त काढून टाकायचं, जोडीला ॲस्पिरिन. चार पिशव्यांनंतर त्याचे हिशेब जुळू लागले.

एवढं बघितलेल्या माणसाला सगळीकडे रक्तच दिसू लागण्याची भीती असते. डॉक्टरबाईंना ती आहे. कर्जानं खचलेल्या कापूस उत्पादकाचं दुःख बी-१२ नं जात नाही. खऱ्या मनोविकाराला मानसोपचाराची गोळीच लागते, आणि ती बंद करून जीवनसत्त्वं देणं हा दुसऱ्या टोकाचा अपराध. शिवाय गावात 'ताकदीचं लाल इंजेक्शन' मागून घ्यायची पद्धत आहे. तो लाल रंग बी-१२ मधल्या कोबाल्टच्या संयुगाचा. कुणीतरी सहज एक टोचतं, आणि मग रक्तातली पातळी तपासली तर भरपूर येते. खरा दोष होता की नव्हता, हे कळायची वाटच बंद. म्हणून आप्पांना टोचण्याआधी नळी भरून घेतली, मगच इंजेक्शन.

बी-१२ नं रक्त लवकर वठणीवर येतं. आठवड्याच्या आत कोवळ्या पेशी वाढलेल्या दिसतात. आप्पांना झोप लागू लागली. दीड महिन्यात शेजाऱ्यांची करणी ओसरली. एकदा ते स्वतःच त्या शेजाऱ्याला घेऊन दवाखान्यात आले, त्याचे पाय बघा म्हणून. पाय मात्र आपल्या चालीनं सुधारतात. महिने लागतात, आणि जे फार दिवस गेलेलं असतं त्यातलं सगळं परत येत नाही. डॉक्टरबाईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो जुना केसपेपर कपाटात आहे तेव्हापासून त्या हे आधी सांगतात.

पुढच्या आषाढीच्या आठवडाभर आधी आप्पा आले. काठी नव्हती. मोगरीबद्दल त्यांनी विचारलं नाही, फक्त चप्पल काढून पाय पुढे केला आणि डोळे मिटले. डॉक्टरबाईंनी नादकाटा आपटून अंगठ्यावर टेकवला.

"वाजस का, आप्पा?"

"वाजस." थोडं थांबून, "वाजस... वाजस... आते थांबनं."

डॉक्टरबाईंनी केसपेपरवर लिहिलं: उजवा अंगठा, सहा सेकंद. डाव्या हातातला नादकाटा अजून त्यांच्या बोटांत थरथरत होता.